तोच मजकूर

त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी कार्यालयात पोहोचले. आमचे कार्यालय सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ, एका हळदीच्या अडत्याच्या गोदामावर होते. हंगामात खाली पोती उतरू लागली की वर आमच्या खिडक्यांच्या कडांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आणि संगणकांच्या कळफलकांवर बारीक पिवळी धूळ बसे. म्हणून प्रत्येकाच्या खणात एक जुने फडके असे आणि दिवसाची सुरुवात कळा पुसण्याने होई. मी खिडक्या उघडल्या, फडके झटकले, कळा पुसल्या, थर्मासमधला चहा कपात ओतला आणि शनिवारी अर्धवट राहिलेले काम पुढे ओढले.

ते काम एका टूलच्या माहितीपत्रकाचे होते. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या संकेतस्थळावर वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये जाहिरातींचे पीक माजले होते. पाणीटंचाईच्या बातमीखाली ‘घरबसल्या कमाई करा’, आमदारांच्या सभेखाली ‘पोट कमी करा’. हे तण आजवर दैनिकातला एक माणूस हाताने उपटत असे. पुढे ते काम एआय एजंटने करावे, असे ठरले होते. एजंटच्या हाती एक टूल द्यायचे, प्रतिक्रिया काढून टाकण्याचे, आणि ते टूल काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, हे त्याला लिहून द्यायचे. दैनिकाच्या लोकांनाही ते वाचता यावे म्हणून सारे मराठीत हवे होते. मी पूर्वी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत असे. कंपनीच्या मालकाने, निरंजन गुळवणीने, मला नोकरीवर घेतले ते याच कामासाठी. माणसासाठी लिहिताना निम्मे त्याच्या समजुतीवर सोडून देता येते. एजंटसाठी लिहिताना तसे करता येत नाही. आपण कागदावर जे ठेवू तेवढेच त्याचे जग.

निरंजनने स्वतः चार-सहा ओळींचा कच्चा मसुदा करून ठेवला होता आणि तेवढ्याच ओळींवर आदल्या आठवड्यात चाचणी सुरूही केली होती. त्यातली एक ओळ अशी होती : ‘एका बातमीखाली तोच मजकूर पुन्हा आला असल्यास पहिली प्रतिक्रिया ठेवून बाकीच्या काढून टाकाव्यात.’ शनिवारी ते वाक्य वाचून मला समाधान वाटले होते. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

चाचणीच्या काळात संकेतस्थळाच्या तक्रारींचा फोन आमच्याकडे वळवलेला होता. तो वाजला तेव्हा मी ते वाक्य जसेच्या तसे माझ्या माहितीपत्रकात उतरवून घेत होते.

“पेपरवाल्यांचंच हापिस न्हवं?” बाईंचा आवाज होता. संथ, जपून बोलणारा.

“त्यांचं काम आम्ही पाहतो. बोला.”

“एक विचारायचं हुतं. बातमीखाली लोकं लिहित्यात बघा. ते ज्याचं त्याला पुसता येतं का?”

“येतं. आपण लिहिलेलं आपल्याला काढता येतं.”

“कितीबी दिवसांनी?”

“हो.”

मागे कुठेतरी एस.टी. स्थानकावरचा ध्वनिक्षेपक गाड्यांची नावे घेत होता.

“मग पुसलंच म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

मी नाव विचारले. त्या मंगल खोत, राहणार शिरसगाव. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे पती दिनकर खोत वारले होते. शिरसगाव आगारात कंडक्टर होते. त्यांची निधन वार्ता मी पडद्यावर उघडली. खाकी गणवेशातला, उन्हाने डोळे बारीक केलेला एक माणूस. खाली चार ओळी. त्याखाली एकच प्रतिक्रिया. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ लिहिणाऱ्याचे नाव : युवा नेते पंकजभाऊ माळवदे मित्रमंडळ. या पंकजभाऊंना जिल्ह्यात कोण ओळखत नव्हते? त्यांच्या मंडळाची मुले मोबाइल घेऊन टपूनच बसलेली असत. कुणाच्याही निधनाखाली पहिला शोक त्यांचाच.

“लई जणांनी लिहिलं हुतं हो खाली,” मंगलताई म्हणाल्या. “आगारातल्या समद्यांनी. रोज बघत हुते मी. परवापातूर हुतं.”

“मी तपासते, ताई. काही तांत्रिक…”

“तपासू नगा. मला एवढंच कळू द्या. समद्यांनी एकाच दिवशी पुसलं, का एकेकानं?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“एकेकानं पुसलं आसंल तर रागानं. एकाच दिवशी आसंल तर ठरवून.”

मी त्यांना उद्यापर्यंतची मुदत मागितली आणि फोन ठेवला. चहा तसाच राहिला होता. त्यावर साय धरली होती.

निरंजन आल्यावर आम्ही दोघे एजंटच्या कामाची नोंद पाहायला बसलो. दिनकर खोतांच्या पानावरून चाळीसच्या वर प्रतिक्रिया गेल्या होत्या. प्रत्येक नोंदीत मजकूर होता आणि कारण होते. मजकूर : ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कारण : ‘पुनरुक्त’. त्याखाली पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. लिहिणाऱ्याचे नाव मात्र एकाही नोंदीत नव्हते. आदल्या वर्षी दैनिकाला कुणा वकिलाची नोटीस आली होती. तेव्हापासून प्रतिक्रिया काढली की तिच्याबरोबर नावही कायमचे काढायचे, कुठेही मागे उरू द्यायचे नाही, अशी व्यवस्था केलेली होती. म्हणजे सर्वांचे जे सारखे होते तेवढे आमच्यापाशी शिल्लक होते; ज्याचे त्याचे जे होते ते गेले होते.

निरंजन बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. कुणाच्या घरी दुःख झाले तर सर्वांत आधी सुटी देणारा, आणि मग विचारपूस करणारा.

“अगं, मी ते घरबसल्या कमाईवाल्यांसाठी लिहिलं होतं.”

“माहीत आहे मला.”

“आपण क्रिकेटच्या बातम्या तपासल्या, राजकारणाच्या तपासल्या. निधन वार्ता कोण उघडून बघतं?”

“ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो.”

नोंद तो खाली खाली सरकवत राहिला. दुसऱ्या मृताचे पान, तिसऱ्याचे पान, कुठल्या गावचे सरपंच, कुणी निवृत्त तलाठी, कुणी सात वर्षांची मुलगी. सर्वत्र तेच दोन शब्द, तेच कारण. आपल्याकडे माणूस गेल्यावर कुणी नवे शब्द शोधत बसत नाही. जे सगळे म्हणतात तेच आपणही म्हणायचे, ही रीत. ती न पाळणाऱ्याकडे उलट लोक वळून पाहतात. हे निरंजनला ठाऊक होते, मला ठाऊक होते. कागदावर मात्र ते कुणीच ठेवले नव्हते.

त्याने आधी चाचणी थांबवली. मग विचारले, “बाकीच्या घरांतून कुणाचा फोन आला?”

“नाही.”

तो सुटकेचा श्वास टाकेल असे मला वाटले होते. त्याने उठून खिडकी लावली. खाली हमाल एकमेकांना हाका मारत होते.

दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, “रेवती, एक मार्ग आहे. मजकूर तर आपल्याकडे आहेच. आगारातल्या कर्मचाऱ्यांची नावं मिळवणं अवघड नाही. एजंटच सगळ्या प्रतिक्रिया परत लिहील. चहा होईस्तोवर होऊन जाईल.”

“आणि ज्यानं लिहिलंच नव्हतं, त्याचं नाव आलं तर?”

“त्या बाईंना काय, आनंदच होईल ना.”

“मेलेल्या माणसाला कुणाच्या नावानं श्रद्धांजली वाहायची, हे आपण ठरवायचं?”

“मग काय करायचं ते तू सांग!” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “दैनिकाला कळलं तर हे काम गेलं. इथल्या पोरांची लग्नं ठरलीत या नोकऱ्यांवर. मी त्यांना काय सांगू? एक ओळ चुकली म्हणून?”

“ओळ चुकलेली नाही,” मी म्हणाले. “मी शनिवारी वाचली. मला ती आवडली होती.”

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने शिरसगावला गेले. निरंजनला सांगितले होते. त्याने ‘जा’ही म्हटले नाही आणि ‘नको’ही. गाडीत तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरकडे मला नीट पाहवले नाही. मी त्या बाईंना खरे सांगायला निघाले होते, की आपले ओझे त्यांच्या दारात टाकायला, हे मला पुरते उमगलेले नव्हते.

खोतांचे घर आगाराच्या मागच्या भिंतीला लागूनच होते. दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीची पायरी, तुळस. मंगलताई पन्नाशीच्या असाव्यात. मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला. घरी त्या एकट्याच. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या आणि एक हात दुसऱ्या मनगटावरून फिरवीत राहिल्या. मनगट मोकळे होते.

“चहा ठेवते.”

“आधी बोलू या, ताई.”

“आधी मी सांगते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिकलेल्या. तुम्ही काय सांगाल ते मी ऐकून घेईन. पर आधी तुम्हांस्नी कळाय पायजे, कुणी का पुसलं आसंल ते.”

आगारात कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला होता. महिने लोटले, चुली थंडावल्या. दिनकर खोत आणि ड्रायव्हर इलाही मुजावर ही एकाच गाडीवरची जोडी; मुक्कामी गाडी नेली की रात्री दोघे एका डब्यात जेवायचे, एका सतरंजीवर झोपायचे. संपाच्या मंडपात इलाही सर्वांत पुढे होता. तिसरा महिना उलटल्यावर दिनकर कामावर हजर झाला.

“त्यास्नी जायचं नव्हतं,” मंगलताई म्हणाल्या. “दोनदा म्हणाले, मंगल, इलाहीला काय तोंड दाखवू? मी म्हटलं, इलाही येऊन चूल पेटवणार हाय का? पोरीचं बघायचं चाललं हुतं तवा. मीच डबा भरला. मीच कापडं इस्त्री करून दिली. दारातनं भाईर ढकललं म्हना की.”

“मग?”

“पोलिसांच्या बंदोबस्तात गाडी काढली. संध्याकाळी परत आल्यावर आगाराच्या फाटकावर समद्यांनी आहेर केला. बांगड्यांचा.” त्या थांबल्या. “गळ्यात घातला हार करून. हिरव्या काचेच्या. ते घरी आले आन् तसंच उभं राहिले, दारात. बोलंनात. मी काढून घेतला हार. ते म्हणाले, टाक तिकडं उकिरड्यावर. मी म्हटलं, टाकायच्या कशाला? ह्या माझ्या मापाच्या हाईत. माझ्याच हाईत.”

त्यांचा हात मनगटावर स्थिरावला.

“भरल्या मी त्या. एकेक करून. त्यांच्यासमोर. मग रोज घालत हुते. कुणी काय म्हटलं न्हाई, कुणाला ठावंबी न्हाई. संप मिटला, समदे कामावर आले, पर ह्यांच्यासंगं कुणी जेवलं न्हाई परत. इलाहीनं दुसरी गाडी मागून घेतली. आन् हे गेले तवा…” त्यापुढचे वाक्य त्यांनी निराळ्याच, कोरड्या आवाजात पुरे केले. “बायकांनी बांगड्या फोडल्या त्या त्याच.”

भिंतीपलीकडे एक गाडी कुरकुरत मागे सरत होती आणि कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणून तिला वाट दाखवत होते.

“मयताला आगारातलं कुणी आलं न्हाई. तिसऱ्या दिवशी पोरीनं फोनात दाखवलं. इलाहीनं लिहिलं हुतं. दोनच शब्द. त्याच्या खाली मग एकेक करून समद्यांनी. ज्यांनी बांगड्या घातल्या त्यांनीच. मला वाटलं, मिटलं. त्यांचं मिटलं आन् माझंबी मिटलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आता सांगा.”

मी सांगितले. कुणीही पुसले नव्हते. प्रतिक्रिया आमच्या यंत्राने काढल्या होत्या. आम्ही त्याला लिहून दिले होते की तोच मजकूर पुन्हा आला तर तो काढून टाक, आणि त्याने तसे केले. नावे आता परत मिळणार नव्हती. एवढे सांगायला मला जितके शब्द लागले, त्यांतले निम्मे माझा बचाव करणारे होते, हे बोलतानाच माझ्या ध्यानात येत होते.

मंगलताईंनी मनगटावरचा हात खाली घेतला.

“तेच शब्द हुते म्हणून?”

“हो.”

“मग दुसरं काय लिहिणार हुते?”

त्या उठल्या, आत गेल्या. भांड्याचा आवाज झाला, चहाचा वास आला. कप माझ्या हाती देताना मात्र त्यांचा चेहरा एकदम बदललेला होता. काहीतरी आठवून दचकल्यासारखा.

“मॅडम, इलाहीला हे ठावं हाय?”

“नाही. कुणालाच नाही.”

“मग त्याला वाटंल, मीच काढाय लावलं.” त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “अगं बया. समद्यांस्नी तसंच वाटंल. म्हणतील, खोताच्या बायकोनं आमचं लिहिलेलं पुसाय लावलं. जावा तुम्ही. आधी त्याला सांगा. चहा पिऊन जावा, पर जावा.”

आगाराच्या विश्रांतिगृहात चालक-वाहक बाकांवर पहुडले होते. इलाही मुजावर कोपऱ्यातल्या नळावर तोंड धूत होते. उंच, वाकलेले, मेंदी लावलेली दाढी. पंच्याने चेहरा पुसत त्यांनी माझे ऐकून घेतले. माझे सांगून झाल्यावर ते म्हणाले,

“मी बघितलं हुतं, मॅडम. बायको म्हणाली, तुमचं नाव दिसत न्हाई. मी म्हटलं, वैनींनी काढाय लावलं. बरोबर केलं.”

“त्यांनी काही केलेलं नाही.”

“केलं आसतं तरी बरोबरच हुतं. हार कुणी घातला हे त्यांस्नी ठावं हाय का?”

“सगळ्यांनी घातला, म्हणाल्या.”

“समद्यांनी न्हाई.” त्यांनी पंच्याची घडी घातली, पुन्हा मोडली. “मी घातला. बाकीची हिंमत करंनात. कोण म्हणलं, जाऊ दे, दिनकर हाय. मी म्हटलं, दिनकर हाय म्हणूनच. दुकानातनं मी आणल्या त्या. माप ईचारलं दुकानदारानं, मी आपलं सांगितलं कायतरी.”

बाकावरच्या एकाने डोळे उघडून आमच्याकडे पाहिले आणि कूस बदलली.

“तुम्ही पुन्हा लिहिलंत तर…” मी म्हणाले. “यंत्र आता बंद केलंय. कुणी काढणार नाही.”

इलाहीचाचा हसले. फार थोडे.

“मॅडम, फोनात का लिहिलं ठावं हाय? पायरी चढायची छाती नव्हती म्हणून. भिंतीच्या पल्याड घर. हितनं खोकलं तर तिथं ऐकू जातं. तरी फोनात लिहिलं. आन् मी लिहिल्यावर समद्यांनी लिहिलं, पाठोपाठ. समद्यांस्नी सोय झाली.” ते भिंतीकडे पाहत होते. “काढलं तुमच्या यंत्रानं, ते काय तेवढं चुकलं न्हाई.”

बाहेर त्यांच्या गाडीचे प्रवासी चढून बसले होते. एक म्हातारी खिडकीतून ओरडत होती, “आवं, डायवर कुठं उलथलाय? ऊन व्हाय लागलंय!” कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. इलाहीचाचांनी हात करून त्याला थांबायची खूण केली, टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढून हातात घेतली आणि माझ्याकडे न पाहता आगाराच्या मागच्या फाटकाकडे चालू लागले.

मी फाटकापर्यंतच गेले. तिथून पायरी दिसत होती. मंगलताई दारातच होत्या. बहुधा माझी वाट पाहत उभ्या असाव्यात. त्यांनी कोण येते आहे ते पाहिले आणि दारातून बाजूला झाल्या. इलाहीचाचांनी पायताण काढले, पायरी चढले, आत गेले. काही ऐकू येत नव्हते. एकदाच भांड्याचा आवाज झाला. गाडीतली म्हातारी आता ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती.

ते बाहेर आले तेव्हा मंगलताई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. इलाहीचाचा क्षणभर घोटाळले. मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचे नसते. आठ महिन्यांनी का होईना, ते मयतालाच आले होते. ‘येतो’ न म्हणता ते पायरी उतरले आणि मागे न पाहता चालत आले. माझ्यापाशी आल्यावर एवढेच बोलले :

“माप बरोबर आलं हुतं म्हणाल्या.”

मग ते गाडीवर चढले.

मी निरोप घ्यायला पुन्हा घरात गेले. कपबश्या जमिनीवर तशाच होत्या. एक रिकामी, एक निम्मी. मंगलताईंनी मला काही सांगितले नाही, मी विचारले नाही. दारात मात्र त्या म्हणाल्या,

“मॅडम, ते एक राहिलंय न्हवं खाली? पंकजभाऊंचं?”

“हो. पहिलं म्हणून यंत्रानं ठेवलं ते.”

“ते कोण, कुठलं. आमी वळकत बी न्हाई. तेवढं काढता येतं का?”

“येतं,” मी म्हणाले.

सांगलीला परतले तेव्हा निरंजन माझीच वाट पाहत होता. त्याने कर्मचाऱ्यांची नावे मिळवली होती. एजंटने प्रतिक्रिया तयार ठेवल्या होत्या, नावांसह, तारखांसह, ओळीने. मला त्या दाखवून तो म्हणाला, “फक्त तू ‘हो’ म्हण.”

त्यांत सर्वांत वर नाव होते : इलाही मुजावर. खाली दोन शब्द.

मी त्याला शिरसगावची सगळी हकिकत सांगितली. सांगून झाल्यावर त्याने त्या साऱ्या प्रतिक्रिया स्वतःच रद्द केल्या आणि दैनिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसला. त्याने मला वाचायला दिले. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही. पुढे दैनिकाने वाचकांची क्षमा मागणारे निवेदन छापले, आमचे काम बरेच दिवस थांबले, दोघे जण नोकरी सोडून गेले. त्यांतला एक मला रस्त्यात भेटला तर अजूनही ओळख दाखवत नाही.

पण ते पुढचे. त्या दिवशी मी माझ्या टेबलाशी बसले. दिवसभरात कळफलकावर धूळ साठली होती. फडके घेऊन ती पुसली आणि माहितीपत्रक उघडले. ‘केव्हा वापरू नये’ या मथळ्याखाली लिहिले : ‘निरनिराळ्या माणसांनी लिहिलेला सारखा मजकूर पुनरुक्त नव्हे. निधन वार्तेखालील कोणतीही प्रतिक्रिया एजंटने या टूलने काढू नये. घरच्या माणसाने विनंती केल्यास ती माणसानेच, स्वतःच्या हाताने काढावी आणि कारण लिहावे.’ निरंजनचे वाक्य खोडले. ते अजूनही मला सुंदरच वाटत होते.

मग मी दिनकर खोतांचे पान उघडले. ते टूल मी तोवर स्वतः कधी वापरले नव्हते. पंकजभाऊ माळवदे मित्रमंडळाच्या शोकावर बोट ठेवले. कारणाच्या चौकटीत लिहिले : ‘घरच्यांची विनंती’. आणि कळ दाबली.

पान मोकळे झाले. खाकी गणवेशातला तो माणूस उन्हात डोळे बारीक करून पाहत होता आणि त्याच्या खाली, रिकाम्या पानावर आपोआप उमटते ती ओळ उमटली होती : ‘पहिली प्रतिक्रिया तुम्ही लिहा.’

तेवढी ओळ मी त्या पानापुरती बंद केली, आणि खिडक्या लावून घेतल्या.